सातव्या चित्रानंतरचं कोरं पान

ताई,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. "ताईंचे जुने सहकारी, चित्रं काढणारे आपले मास्तर" असं म्हणून माइक हातात दिला गेला आणि मी चक्क रंगांविषयी बोललो. ताईंना जांभळा रंग चालायचा नाही, वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांत तो काळा दिसतो म्हणायच्या, एवढं सांगून खाली बसलो. लोकांनी मानाही डोलावल्या. माझ्या आधी जे जे बोलले त्यांनी तुम्ही किती मायाळू होतात, कधी कोणाला दुखावलं नाहीत, वगैरे सांगितलं. मी खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, ही मंडळी ताईंबरोबर सावनेरच्या बसमध्ये कधी बसलेली दिसत नाहीत. मायाळू तुम्ही होतातच. पण एखादी गोष्ट धरली की सोडायच्या नाहीत, आणि माझी एक गोष्ट तुम्ही नऊ वर्षं धरून ठेवली होती.

कार्यक्रम संपल्यावर तुमची प्रज्ञा आली. रडून लेकीचा चेहरा सुजला होता, आवाज मात्र तुमच्यासारखाच, कामापुरता. तिनं तुमची खाकी थैली माझ्या हातात दिली. "आईनं सांगितलं होतं का हे मास्तरलेच द्यायची. अन रविवारची मीटिंग कॅन्सल नाही करायची म्हणे." थैलीत काय आहे ते उघडून बघायची गरज नव्हती. आपला फ्लिपचार्ट, कॅलेंडरसारखा वरून बांधलेला, एकेक पान उलटत जायचा. आठ चित्रं, आणि सातव्या-आठव्याच्या मधलं ते कोरं पान.

तो रविवार काल झाला. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा शाळेतलं माझं शेवटचं वर्ष होतं. तुम्ही अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि रामदासपेठेतल्या एका दोन खोल्यांच्या संस्थेत नव्यानं कामाला लागलेल्या. चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभ्या राहिलात, बगलेत गुंडाळलेली पोस्टरं. ती माझ्या बाकावर पसरलीत. काळानिळा डोळा, सुटलेले केस, खाली लाल अक्षरांत 'थांबवा'. म्हणालात, "मास्तर, हे भिंतीले लावलं का बाया तिकडे पाठ करून बसतात. कोनाच्या घरी मारझोड होते हे सगळ्याइले ठाऊक असते, पण बोलत कोनी नाही. मले असं चित्र पायजे का पाहून बाई बोलाले लागली पायजे."

मी म्हणालो, बाई, चित्र आहे का शिट्टी आहे, वाजवली की लागले बोलायला.

"हो तर," तुम्ही म्हणालात. "तसंच काढा."

मानधन विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. तुम्ही सांगायचंही टाळलंत, हे नंतर कळलं.

तुमची एक पद्धत होती. चित्र छापायच्या आधी दहा जणींना दाखवायचं. तोंडानं काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं, काय दिसते? या पद्धतीनं माझी इतकी फजिती केली की छत्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली याचीच मला शंका यायला लागली. मी हात उगारलेला नवरा काढला. सक्करदऱ्यामागच्या वस्तीत एका आजीबाईंनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पंखा पुसून राहिला बिचारा." मी विचारात पडलेली बाई काढली, डोक्याशेजारी विचारांचा ढग. चौघी जणी एकमुखानं म्हणाल्या, पोळी जळली तिची. तुम्ही वहीत गंभीर चेहऱ्यानं लिहून घेत होतात आणि तुमचे खांदे हलत होते. परत येताना मी रागारागानं म्हणालो की या बायकांना चित्र वाचता येत नाही. तुम्ही स्कूटी थांबवलीत. "मास्तर, त्याइले चित्र चांगलं समजते. तुमी खोटं काढून राहिले. मारणारा माणूस असा हात वर धरून उभा राहते का फोटो काढल्यासारखा? खरं काढा."

मी घरी गेलो आणि एका बैठकीत सातवं चित्र काढलं. त्यात कोणी हात उगारलेला नाही. स्वयंपाकघर आहे, भिंतीला तीन फळ्यांची स्टीलची मांडणी, बाई पाठमोरी, मांडणीला टेकलेली. एका डब्याचं झाकण जमिनीवर पडून घरंगळतं आहे. चित्राच्या कडेला माणसाचा फक्त कोपरापासून खालचा हात, लोंबणारा. दहा जणींना दाखवलं तेव्हा पंखा आणि पोळी सांगणाऱ्या त्याच बायांमधल्या एकीनं हळू आवाजात सांगितलं, "झालं वाटते आताच." आणि तिच्या शेजारची बोलायला लागली, तिच्या पलीकडची बोलायला लागली. तुम्ही तिथे नियम घालून दिलात, तो शेवटपर्यंत टिकला: आपल्या घरचं सांगायचं नाही, दुसरीच्या घरचंही नाही, चित्रातल्या बाईचं बोलायचं. चित्रातल्या बाईला कुठे लागलं, तिची लेकरं कुठे आहेत, सासू काय करून राहिली, ती कोणाले सांगन. दीड तास त्या चित्रातल्या बाईचं बोलत होत्या, आणि प्रत्येकीची बाई वेगळी होती.

त्या दिवशी तुम्ही माझं कौतुक केलंत. मला ते नको होतं, का ते तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी छपाईचे कागद दाखवायला तुम्ही आमच्या घरी आलात. सुनंदानं, माझ्या बायकोनं, तुम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं, कारण बैठकीत माझे रंग पसरले होते. तुम्ही बिनसाखरेचा चहा मागितलात. ती चहा टाकत होती आणि तुम्ही समोरच्या भिंतीकडे पाहत होतात. तीन फळ्यांची मांडणी. हिरव्या जाळीची खिडकी. मधल्या फळीवरच्या तिसऱ्या डब्याचं झाकण, एका बाजूला पोचा पडलेलं, अजूनही नीट न बसणारं. चित्र काढणाऱ्याची ही जुनी खोड आहे, ताई. घाईत असला की तो डोळ्यांसमोरचं घर काढतो. मी सगळं काढलं होतं, पोच्यासकट.

मी उठलो, आलूबोंडे आणतो म्हणालो आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेलो. वीस मिनिटं लावली. परत आलो तर तुम्ही दोघी पातळाच्या बॉर्डरविषयी बोलत होतात.

निघताना मी तुम्हाला तलावाकडच्या रस्त्यापर्यंत सोडायला आलो. तुम्ही स्कूटीला किल्ली लावली, पण फिरवली नाही. "मास्तर, ते सातवं चित्र पाहून काढलं का आठवून?"

"कल्पनेनं," मी म्हणालो.

"बरं," तुम्ही म्हणालात आणि गेलात. तुमचं 'बरं' मला तेव्हापासून ओळखू यायला लागलं. त्याचा अर्थ, आत्ता सोडते, पुन्हा विचारीन.

त्यानंतर महिन्याभरानं तुम्ही आठवं चित्र सांगितलंत. दार आहे, दारात शेजारीण उभी आहे, तिच्या हातात रिकामी वाटी. घरातून भांडणाचा आवाज आला की भांडायला जायचं नाही, उपदेश करायला जायचं नाही, वाटी घेऊन जायचं आणि विरजण मागायचं. दार वाजलं की हात थांबतो, आणि घरातल्या बाईला कळतं की बाहेर कोणाला तरी ऐकू गेलं. बाकी तक्रार, पोलीस, मदतीचा नंबर हे सगळं मागच्या पानावर होतंच, पण तुम्ही म्हणायच्या की नंबरापर्यंत पोचायला बाईला कधी कधी दहा वर्षं लागतात, तोवर वाटी तर पोचली पाहिजे. मी विचारलं, हे सुचलं कोणाला? तुम्ही म्हणालात, "एका बाईनं सांगितलं. नाव नाही सांगनार." तुमचा नियमच होता, मी पुढे विचारलं नाही. आठव्याच्या आधी एक कोरं पान ठेवायचं हे मात्र तुमच्या डोक्यातून निघालेलं. सातवं चित्र झालं की कोरं पान वर धरायचं आणि विचारायचं, इथे काय पाहिजे? लोकांनी आधी आपलं चित्र सांगायचं, मगच वाटी दाखवायची. वस्त्यांमधल्या बायांनी त्या पानावर काय काय सांगितलं, ताई. सासू मुलाचा हात धरून ठेवते. मुलगी जाऊन मामाला फोन करते. एकीनं सांगितलं, काही नको, फक्त कोणी तरी तिला विचारावं, जेवली का.

मग तुम्हाला पुरुषांच्या बैठका घ्यायचं सुचलं, आणि आपलं भांडण सुरू झालं.

बायांच्या बैठका सहज चालायच्या, पुरुषांच्या चालेनात. सावनेर तालुक्यातल्या गावांत, समाजमंदिरात, कापसाच्या शेतातून आलेले, खाणीतल्या पाळीवरून आलेले लोक बसायचे. सातवं चित्र आलं की हसायचे. असा एक त्या पलीकडच्या गावात आहे म्हणायचे. कोऱ्या पानावर एकानं सांगितलं होतं, "लिहा, बायकोनं तोंड सांभाळावं." तुम्ही शांतपणे त्याच्या हातात पेन्सिल दिलीत, म्हणालात, "काढून दाखव गा भाऊ, सांभाळलेलं तोंड कसं दिसते." तो ओशाळला, पण बैठक पुढे गेली नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही म्हणालात, "बाया चित्रातल्या बाईच्या नावानं सोताचं सांगतात. माणसं चित्रातल्या माणसाच्या नावानं शेजाऱ्याचं सांगतात. मास्तर, माणसाइच्या मीटिंगमधी कोनी तरी सोताचं सांगितल्याशिवाय हे पान भरनार नाही."

मी समोरच्या सीटकडे बघत होतो. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, एवढी सवलत तुम्ही दिली होती. मग कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "एकदाच झालं होतं."

"एकदाच?"

"एकदाच. फार वर्षं झाली. मी स्पर्धेसाठी काढलेलं चित्र तिनं न कळून मांडणीच्या फळीवर अंथरलं होतं, त्यावर डब्यांचे तेलकट गोल उमटले होते. एकदाच."

"बरं," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर प्रत्येक पुरुषांच्या बैठकीच्या आधी तुम्ही तेच वाक्य म्हणायच्या: हे पान तुमचं आहे, मास्तर. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे नवं कारण तयार असायचं. माझ्या शाळेचं नाव जाईल. माझे विद्यार्थी आता याच गावांतून सरपंच झालेत. मारणाऱ्याच्या हातानं काढलेली चित्रं कोण बघेल, तुमचं काम बुडेल. तुम्ही ऐकून घ्यायच्या. एकदा मी शेवटचं कारण काढलं, की यात सुनंदाची अब्रू जाईल. तुम्ही चष्मा काढलात. "तिले विचारलं का?"

"नाही."

"मंग कोनाची अब्रू म्हनून राहिले तुमी?"

मला तुमचा फार राग आला होता. दोन महिने मी संस्थेत आलो नाही. तुम्ही फोन केला नाहीत, फक्त बैठकांचे दिवस एका कागदावर लिहून पाठवत राहिलात. मी परत आलो तेव्हा, कसे आहात मास्तर, एवढंच विचारलंत. त्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानतो. तुम्ही मला हाकलून दिलं असतंत तर ते योग्य झालं असतं, आणि मला ते सोयीचं झालं असतं.

शेवटची भेट दवाखान्यातली. तुमच्या नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. मी संत्री घेऊन आलो होतो, तुम्हाला खायची परवानगी नव्हती, तर तुम्ही एक हातात धरून त्याचा वास घेत राहिलात. म्हणालात, "रविवारची मीटिंग आहे. पान कोरंच आहे ना?" मी म्हणालो, तुम्ही आधी बऱ्या व्हा, मग बघू. तुम्ही या वेळी 'बरं' म्हणाला नाहीत. डोळे मिटलेत. माझ्या मनाला ते फार लागलं आहे, ताई. तुम्ही नुसत्या थकला होतात असं मी स्वतःला सांगतो. पण मला वाटतं, पुन्हा विचारायला आपण नसणार हे तुम्हाला कळलं होतं.

थैली घेऊन घरी आलो तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा अंगणात मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण असं समोर बसून विचारायची वेळ मी कधी आणली नव्हती. म्हणालो, रविवारी गावात पुरुषांची बैठक आहे. ताईंना वाटायचं, मी तिथे आपलं सांगावं. तुझी परवानगी असेल तरच सांगीन.

तिचे हात थांबले नाहीत. "काय सांगान?"

"ते... मांडणीजवळ झालं होतं ते. एकदा."

"सांगा," ती म्हणाली. "पण खरं सांगजा. तीनदा."

ती काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत होती. "पह्यले ते चित्राच्या वेळी. ते तुमाले याद हाय, चित्र तुमचं होतं म्हनून. दुसऱ्यांदा माह्या भावाच्या लग्नाहून आलो तवा, मी एक दिवस जास्त राह्यली म्हनून. अन तिसऱ्यांदा तुमाले हेडमास्तर केलं नाही तवा. भाजीत मीठ जास्त झालतं."

मला खरंच आठवत नव्हतं असं मी म्हणणार होतो. पण ती सांगत गेली तसं आठवत गेलं, म्हणजे ते कुठे गेलं नव्हतं, मीच त्यावर काही तरी पांघरलं होतं. "अन मग?" मी विचारलं. "चौथ्यांदा का झालं नाही?" हे मी विचारतोय याचीच मला लाज वाटली.

"ढोकेकाकू आली ना," सुनंदा म्हणाली. "वाटी घेऊन. विरजण मांगाले."

ढोकेकाकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण, वारून आता बरीच वर्षं झाली. मला ती मिठाची संध्याकाळ लख्ख आठवली. दार वाजलं होतं. मीच उघडलं होतं. काकू हसून म्हणाल्या होत्या, विरजण आहे का जी. मी आत जाऊन त्यांच्या वाटीत स्वतःच्या हातानं विरजण घातलं होतं, थोडं जमिनीवर सांडलं होतं. त्यानंतर महिनाभर त्या रोज त्याच वेळेला येत राहिल्या. मला कंटाळा आला होता त्यांचा.

"त्याइच्या घरी दही कोनी खातच नव्हतं," सुनंदा म्हणाली. "हे मी ताईले सांगितलं होतं, त्या आल्या तवा. तुमी आलूबोंडे आनाले गेले होते. मांडणीकडे पाहून त्याइनं मले काहीच इचारलं नाही, फक्त म्हनल्या, जेवल्या का. मंग मीच सांगितलं सगळं. आठव्या चित्रात दार बी आपलंच काढलं तुमी. मले वाटलं समजलं असन तुमाले."

म्हणजे बसमध्ये मी 'एकदाच' म्हणालो तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. नऊ वर्षं ठाऊक होतं. तुम्ही मला खोटारडा म्हणाला नाहीत, सुनंदाचं नाव मध्ये आणलं नाहीत, 'बरं' म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलात आणि पुढच्या बैठकीच्या आधी पुन्हा म्हणालात, हे पान तुमचं आहे. मी ते पान चुकवत होतो आणि तुम्ही माझ्या खऱ्या आकड्याची वाट बघत होतात. एवढी वाट माझ्या आईनंही माझी कधी पाहिली नसेल.

काल सकाळी बसनं गेलो. तुमच्या जागेवर, खिडकीशी, थैली ठेवली. समाजमंदिरात वीसेक जण होते, शेतकरी, दोघे-तिघे खाणीतले. मी पानं उलटत गेलो. सातव्याला नेहमीसारखंच हसू झालं, पलीकडच्या गावाचं नाव निघालं. मी कोरं पान वर धरलं. तुम्ही असता तर विचारलं असतंत. मी विचारलं नाही. मी सातवं चित्र पुन्हा समोर आणलं आणि म्हणालो, "हे घर पलीकडच्या गावातलं नाही. हे माझं आहे. हा हात माझा आहे."

कोणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एकानं विचारलं, चेष्टेनं नव्हे, "कितीदा मास्तर?"

जिभेला इतकी सवय असते, ताई, की 'एकदाच' ओठांपर्यंत आलं होतं. "तीनदा," मी म्हणालो. मग जे होतं ते सांगितलं. तेलाचे गोल, भावाचं लग्न, मीठ. मीठ सांगताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. खाणीतल्या एका पिकलेल्या मिशांच्या माणसानं विचारलं, मंग बंद कसं झालं? मी आठवं चित्र उलटलं आणि ढोकेकाकूंचं सांगितलं. त्यावर बरंच बोलणं झालं. गावात कोणाच्या दारात वाटी घेऊन कोण जाऊ शकेल, पुरुष गेला तर काय मागायला जाईल, माचिस चालेल का, बैल सुटला म्हणून हाक मारली तर. तुम्ही वहीत लिहून घेतलं असतंत. मला एवढंच लक्षात राहिलं.

निघायच्या आधी त्याच मिशावाल्या माणसानं एक प्रश्न विचारला. "अन त्यानंतर तुमी बाईले काय म्हटलं, मास्तर?"

मी थैली आवरली.

घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. सुनंदानं ताट वाढलं. विचारलं, काय म्हणाले लोक? मी सगळं सांगितलं, बैलाचं सांगितलं तेव्हा ती हसली. मग त्या माणसानं काय विचारलं तेही सांगितलं.

"मंग काय सांगितलं तुमी?"

"काही नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं."

ती समोर बसून राहिली, उठली नाही. माझ्या लक्षात आलं की वीस अनोळखी माणसांना जे सांगितलं ते मी हिला सांगितलेलंच नाही. हात धुतले. म्हणालो, सुनंदा, माझं चुकलं. तीनही वेळा चुकलं, आणि तीन म्हणायला मी इतकी वर्षं घेतली, तेही चुकलं. तू विसरली असशील अशा भरवशावर मी म्हातारा झालो.

"मी इसरली नाही," ती म्हणाली.

माफ केलं असं तिनं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. ती उठली, मांडणीच्या मधल्या फळीवरच्या तिसऱ्या डब्याचं झाकण काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पोचा पडलेलं. गेल्या कित्येक दिवाळ्यांना मी नवा डबा आणू म्हणालो होतो आणि तिनं आणू दिला नव्हता. "हे बी ठेवा थैलीत," ती म्हणाली. "चित्र पाहून हसतात लोकं. हे हातात द्या त्याइच्या."

ते झाकण आता तुमच्या थैलीत आहे, फ्लिपचार्टच्या मागे. डब्यावर सुनंदानं एक बशी उपडी घातली आहे, ती बरोबर बसते. बैठकीत नवी वस्तू नेण्याआधी ती दहा जणींना दाखवून विचारायचं, काय दिसते, ही तुमची पद्धत मी मोडणार नाही. दहांतली पहिली सुनंदा. आज संध्याकाळी ती देवळातून आली की झाकण तिच्या हातात देऊन विचारणार आहे, आणि या वेळी ती जे सांगेल ते सगळं ऐकून होईपर्यंत जागचा उठणार नाही.